डोंगरावरच्या बंगल्यातला नावाडी

मागच्या उन्हाळ्यात मी दोन रहस्यकादंबऱ्यांचे शेवट एकमेकींना लावून टाकले. मुद्दाम नाही. मी पुस्तकं बांधतो, लिहीत नाही, त्यामुळे शेवट बदलायचा मला काही अधिकार नाही.

पुस्तक छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि कागदाला घड्या घालतात. त्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे दहा-अकरा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक तयार. जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की मी पुठ्ठा सोलतो, दोरा कापतो, फर्मे सुटे करतो, फाटक्या पानांना पातळ कागद लावतो आणि सगळं पुन्हा शिवतो. पूर्वी रहस्यकादंबऱ्या काढणाऱ्यांचं सगळं मापात असायचं. आकार एक, टाइप एक, पानंसुद्धा सारखीच. त्या दुपारी कूलरच्या वाऱ्यानं टेबलावरचे फर्मे खाली पडले. मी पानांचे आकडे बघून ते उचलले. आकडे दोन्हीकडे बरोबर जुळले, एकशे साठच्या पुढे एकशे एकसष्ट. मी शिवले, दाबले, वरून सोनेरी अक्षरात नावं टाकली आणि बायकोला म्हणालो, बघ, हात अजून थरथरत नाही माझा.

आमच्या घरी बाबांपर्यंत हातमाग होता. बाबा नागपुरी लुगडी विणायचे. माग गेले, मी दोऱ्यातच राहिलो, फक्त रेशमाच्या जागी रद्दी आली. आता पन्नाशी उलटली आहे. एके काळी नागपुरातली सगळी वाचनालयं माझ्याकडे पुस्तकं पाठवायची. ती एकेक करून मिटली. रहस्यकथा तर आता माझ्याकडे एकाच ठिकाणाहून येतात, धंतोलीतल्या मालतीताईंच्या वाचनालयातून. एक मेडिकल स्टोअर आणि एक रक्त तपासायची लॅब यांच्यामध्ये ते दाबून बसलं आहे. ते टिकलं ते दवाखान्यांमुळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून लोक पेशंट घेऊन येतात, पेशंट आत जातो आणि बाहेरच्या माणसाला काही सुचत नाही. मोबाइलची बॅटरी संपली की तो मालतीताईंकडे येतो.

मालतीताई पुस्तक परत घेतात ते बघण्यासारखं असतं. त्या सदान्‌कदा खारे शेंगदाणे खात असतात. पुस्तक हातात आलं की आधी आत उघडून आपला शिक्का शोधतात. पूर्वी कुणीतरी नवं पुस्तक नेऊन रद्दीतली जुनी प्रत परत आणून दिली होती, तेव्हापासून त्यांचा माणसांवर विश्वास नाही. शिक्का दिसला की मान हलवतात आणि पुढचा शेंगदाणा.

माझी बायको रेखा लग्नाआधी याच वाचनालयाची मेंबर होती. मी बांधलेली पुस्तकं द्यायला जायचो, ती पुस्तक बदलायला यायची. पुढचं सांगत नाही, हा अंक मुलंही वाचतात.

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट. प्रत्येक धंद्यातल्या माणसाला एक शोध लागतो, जो बाकी कुणाला लागलेला नसतो. माझा शोध असा, की रहस्यकथेतला खुनी पुस्तक न वाचता सापडतो. पानांचा मळ बघायचा. वाचणारा शेवटाला येतो, त्याला खुनी कळतो, आणि चांगली गोष्ट असेल तर तो काय करतो? मागे जातो. अरे, हे तर तिथं लिहिलं होतं, म्हणत ते पान शोधतो. शंभर वाचकांनी त्या एका पानावर अंगठा ठेवला की त्याचा कोपरा काळपट होतो. अशी पुस्तकं मी कितीतरी बघितली. सगळी पानं पिवळी, आणि मध्येच एक पान कोपऱ्यात तेलकट, काळं. लेखकानं दडवलेली खूण तिथं असते. गोष्ट वाईट असेल तर कुणी मागे जात नाही.

हा प्रयोग मी पाहुण्यांसमोर करायचो. जावई, व्याही, मुलाचे मित्र, कुणीही सुटले नाहीत. पुस्तक डोळ्यांपुढे आडवं धरायचं, कडा निरखायची, मळकं पान काढून समोर ठेवायचं आणि म्हणायचं, "वाचा. खुनी इथं आहे." लोक ते पान वाचायचे आणि खरंच त्यांना काहीतरी सापडायचं. माझा प्रयोग सुरू झाला की रेखा चहा टाकायला आत जायची. मला वाटायचं, तिचं ऐकून झालेलं आहे.

धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. मालतीताईंचा फोन आला.

"संजय, आहे तसा ये. एक पेशंट मान वर काढून राहिला आहे."

"मी काय करू? मी बाइंडर."

"तुझ्याच पुस्तकामुळे काढून राहिला. ये म्हटलं ना."

दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत पेशंटांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत पलंगावर एक आडदांड माणूस पालथा पडलेला होता. कपाळ गोल उशीत, तोंड फरशीकडे. हे शालिकराम, कुहीकडचे शेतकरी. लहानपणी धानाचं कुसळ जाऊन त्यांचा डावा डोळा गेला होता. आता उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डोळ्यात हवेचा फुगा सोडला. तो फुगा पडद्याला आतून दाबून धरतो, पण माणूस पालथा राहिला तरच. डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडे दिवस मान खाली. वर काढली, पडदा पुन्हा सुटला, तर हाही डोळा जाईल.

आणि गावात रोवणी चालू. हा माणूस दर घटकेला उठायला बघायचा. त्याची बायको इंदुबाई शेवटी मालतीताईंकडे आली आणि म्हणाली, असं बुक द्या की माणूस जागचा हलणार नाही. मालतीताईंनी रहस्यकादंबरी दिली. इंदुबाई खाली जमिनीवर बसून एकेक ओळ वाचायची, आणि तीन दिवस शालिकराम दगडासारखे पडून राहिले होते.

कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण आता तिचं सगळं सांगणार आहे. थंड हवेच्या डोंगरावर बंगला. म्हातारे दादासाहेब विषानं मेलेले. घरात त्यांची तरुण दुसरी बायको, पुतण्या, सेक्रेटरी, आणि प्रेत तपासायला आलेला नवा डॉक्टर. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, शेकोटीकडे पाठ करतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. पान एकशे साठ संपलं. एकशे एकसष्टवर पोलिसांनी भरतीच्या वेळी खाडीत उडी मारून एका नावाड्याला धरलं.

"चप्पल कोनाची वाजून राहिली?" फरशीतून आवाज आला.

"बुक शिवनारे आले," इंदुबाई म्हणाली.

"या साहेब. मले एवढं सांगा, हा नावाडी कोण होय?"

मी पुस्तक हातात घेतलं, पान उलटलं. कूलर, टेबल, खाली पडलेले फर्मे, सगळं दिसलं. खाली वाकून त्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला मी सांगितलं, की माझ्या हातून दुसऱ्या पुस्तकाचा शेवट शिवला गेला.

"म्हंजे नावाडी नाई?"

"नाही."

"तेच म्हनतो मी. डोंगरावर नाव कोठून आली? तीन दिवस मी त्या घरात हाओ ना गा. सगळे माहीत हायेत मले. खुनी त्यातलाच पाहिजे. बाहेरून आनाचा असला तं मंग मी कायले पालथा पडलो?" आणि बोलता बोलता मान वर आली.

"खाली करा," इंदुबाईनं दोन्ही हातांनी डोकं दाबलं. "सकाळपासून दोनदा झालं हे. नावाड्याच्या पायी डोळा जाईल माह्या घरवाल्याचा."

मालतीताई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, ते दुसरं पुस्तक कुठं आहे? जरीपटका भागातले एक रिटायर्ड रेल्वे गार्ड ते घेऊन मुलीकडे रायपूरला गेले होते. आठवड्यानं येणार. मग तुम्हाला तरी शेवट आठवतो का? "मी रहस्यकथा वाचत नाही," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते." उन्हाळ्यापासून हे पुस्तक किती जणांनी वाचलं? सात-आठ जणांनी. कुणी तक्रार केली नाही? "एक जण म्हणाला, शेवट फार धक्कादायक आहे."

हे ऐकून मी हादरलो. नावाडी म्हणजे धक्का आहेच. जेवताना अनोळखी माणूस घरात शिरला तरी धक्का बसतो. पण त्या लोकांनी तो शेवट मानून घेतला होता, आणि इथं एक माणूस एकुलता एक डोळा पणाला लावून नाही म्हणत होता.

मालतीताईंनी जुन्या मेंबरांना फोन लावले. एकाला पुतण्या आठवला, एकाला सेक्रेटरी. एक बाई म्हणाल्या, माझ्या आठवणीप्रमाणे दादासाहेब मेलेलेच नव्हते. शेवट कुणालाच धड आठवेना. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पण मला माझा शोध आठवला. मी पुस्तक खिडकीपाशी आडवं धरलं. शेवट बदलला तरी मळ जुनाच होता, खरा शेवट वाचलेल्या लोकांचा. एक पान कोपऱ्यात काळं, तेलकट. पान एक्कावन्न.

"हे वाचा," मी इंदुबाईला म्हणालो. "खुनी इथं आहे."

तिनं पान उजेडात धरलं. "इथं शिक्का मारला हाय, अक्षर पुसट दिसते," म्हणत बोट ठेवून वाचू लागली. पान अगदी साधं. डॉक्टर पहिल्यांदा बंगल्यावर येतो. दादासाहेबांच्या बायकोची आणि त्याची ओळख करून देतात. बाई चहा आणते, डॉक्टरच्या कपात दोन चमचे साखर टाकते, त्याच्यापुढे ठेवते. बाहेर धुकं. पान संपलं. मला तर त्यात काहीच दिसलं नाही.

"पुन्हा वाच वं," शालिकराम म्हणाले.

ती पुन्हा वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"आयका ना. हिनं विचारलं काहून नाई?"

"काय?"

"साखर. पाहुना पहिल्यांदा घरी आला. आपन विचारत नाई का, किती टाकू म्हनून? हिनं सरळ दोन चमचे टाकले."

मग उशीतून हळूच आवाज आला.

"तिले माहीत होतं."

"हो ना."

"म्हंजे ओळख होती दोघाइची. पहिलेपासून." ते हसायला लागले, तसेच पालथे, पाठ हलत होती. "अन् मेलेला मानूस तपासला कोनं? त्याच डॉक्टरनं. विष कधी देल्लं ते त्यानंच सांगतलं. इंदे, ते दिवे गेल्याचं कोठं हाय, तिकडं पाय. अंधारात काडीपेटी कोनं काढली?"

इंदुबाईनं भराभर पानं मागे उलटली. "डॉक्टरनं."

"परक्याच्या घरात, अंधारात. त्याले कसं माहीत कोठं ठेवली ते?"

मी त्या दोघांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं पुस्तकं शिवली, पण शेवट लागतो म्हणजे काय होतं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. नवं काहीच आलं नव्हतं. साखर तीच, काडीपेटी तीच, तीन दिवसांपूर्वी वाचलेली. बाबांच्या मागावर पदरात जो रंग यायचा तो काठात आधीपासून असायचा. नाहीतर पदर उसना दिसतो, म्हणायचे ते.

उरलेले दिवस शालिकराम हलले नाहीत. त्यांनी इंदुबाईला पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावलं, पुरावे गोळा करायला. मी रोज दुपारी जायचो. रोज नवीन काहीतरी निघायचं. डॉक्टरवर कुत्रा भुंकत नाही, बाई त्याला दोनदा 'अहो' म्हणते. बिचारा पुतण्या निर्दोष सुटला. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, डोळा तपासला आणि पडदा चिकटला म्हणाले. मी घरी पेढे नेले. पाहुणे बोलावून सगळी हकीकत सांगितली, माझ्या शोधानं एका माणसाचा डोळा वाचला म्हणून. रेखा आत चहा टाकायला गेली.

पुढच्या आठवड्यात गार्डसाहेब रायपूरहून आले. मी वाचनालयातच बसलो होतो. ते म्हणाले, छान होती दर्यावरची गोष्ट, फक्त शेवटी सगळे एकदम स्वेटर घालून शेकोटीपाशी बसले. "तुम्हाला काही वाटलं नाही?" मी विचारलं. "मला वाटलं हिवाळा लागला असेल," ते म्हणाले.

मी त्यांचं पुस्तक घेऊन तिथंच बसल्या बसल्या खरा शेवट वाचला. दादासाहेबांना एक जुळा भाऊ होता. तो आफ्रिकेतून येतो, एकशे अडुसष्टाव्या पानावर. त्याआधी त्याचा कुठं उल्लेख नाही. विष त्यानं दिलं. डॉक्टर निर्दोष, बाई निर्दोष. साखरेचा कुठं पत्ताच नाही. लेखकानं ती सहज घातली होती, लोक चहात घालतात तशी.

मग एक्कावन्न पान मळलं कशानं?

तेवढ्यात मालतीताईंनी गार्डसाहेबांचं पुस्तक जवळ ओढलं. शेंगदाण्यांची पुडी बाजूला ठेवली, अंगठ्यानं एक पान बरोबर काढलं, कोपरा दाबून धरला, शिक्का बघितला, मान हलवली.

"ताई, शिक्का कुठल्या पानावर मारता?"

"एक्कावन्न. सगळ्या पुस्तकांत तेच. गुपित असतं ते, बाहेर सांगायचं नाही. कोणी पान फाडलं तर कळतं."

मी उठून कपाटाशी गेलो. प्रेमकथा काढली, एक्कावन्न, काळं. पाकशास्त्र काढलं, एक्कावन्न, काळं. एका संताचं चरित्र काढलं. तिथं तर इतकं काळं होतं, की माझ्या हिशेबानं महाराजांनी नक्की कुणालातरी मारलं होतं. शालिकरामांच्या खोलीत जाईपर्यंत इतकी वर्षं मी मळक्या पानाचा आकडा कधी बघितलाच नव्हता, फक्त मळ बघितला. शिक्का समोर होता, पण वाचनालयाच्या पुस्तकात शिक्का असतोच. आणि रहस्यकथेचं कुठलंही पान दुसऱ्यांदा वाचलं की त्यात खुनी दिसतोच. जावई, व्याही, सगळ्यांना मी शेंगदाण्यांचं तेल दाखवत होतो.

दोन्ही फर्मे मी घरी आणून आपापल्या जागी शिवले. शिवताना दिसलं, की काडीपेटीच्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे आणि साखरेच्या ओळीखाली नखाची रेघ आहे. इंदुबाईची. मागे जाऊन बघितल्याचा खरा मळ माझ्या सगळ्या कारकिर्दीत तेवढाच.

महिन्याभरानं शालिकराम तपासणीला आले आणि थेट माझ्या दुकानात उतरले. काळा चष्मा, मान ताठ. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "आवाजावरून जाडे वाटले होते तुमी," म्हणाले. मग खुर्ची ओढली. "आना ते बुक. शेवटचं माह्या डोळ्यानं वाचतो."

इंदुबाईनं माझ्याकडे बघितलं. त्यांचा डॉक्टर, त्यांची साखर, सगळं आता मोडणार होतं. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ज्या डोळ्यासाठी हे सगळं झालं तो समोर उघडा होता. मी पुस्तक दिलं.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मी चिकटवायची खळ कालवत राहिलो, नुसताच. जुळ्या भावाशी आले तसं बोट थांबलं. पुढे गेलं. पुन्हा मागे आलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे फार कीव करून बघितलं.

"साहेब, तुमी पुन्हा चुकीचंच शिवलं गा."

"नाही, हेच..."

"जुळा भाऊ होता का कोठं? आपन दोनदा वाचलं ना. हे तिसऱ्याच बुकाचं हाय." मग इंदुबाईकडे वळून हळू आवाजात, "राहू दे, म्हातारा होऊन राहिला बिचारा. हात थरथरत असंल." आणि मला समजावत, "घाई नाई. खरा फर्मा सापडला की फोन करा."

मी म्हणालो, "करतो."

संध्याकाळी रेखाला सगळं सांगितलं. नावाडी, साखर, जुळा भाऊ, आणि मान खाली घालून, एक्कावन्न पानसुद्धा. वाटलं, तीही हादरेल. तिनं चहा गाळला, माझ्या कपात साखर टाकली.

"एक्कावन्न तं मले माहीतच होतं," ती म्हणाली. "मेंबर नव्हती का मी? मालतीताई माह्यासमोरच पाहायच्या शिक्का, शेंगदाण्याच्या हातानं."

मी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं? मग सांगितलं काहून नाही?"

तिनं माझ्यापुढे बशी सरकवली आणि समोर बसली.

"तुमी खुनी सापडला म्हणून सांगायचे तेव्हा तुमचं तोंड पाहण्यासारखं राहत होतं. मी चहाच्या निमित्तानं दाराआडून तेच पाहत होती. पहिल्याच दिवशी सांगून देल्लं असतं, तं मंग मी काय पाहिलं असतं?"